व्हिसा हाती आला, पुढे काय?
संयुक्त अरब अमिरातीत राहणाऱ्या कारागीर व व्यापारी बांधवांसाठी कागदपत्रांची उपयुक्त माहिती

कोकण किनाऱ्यावरील गावांना आखात हा परका मुलूख वाटत नाही. श्रीवर्धन, म्हसळा, महाड, दापोली, खेड, चिपळूण या तालुक्यांतील मोहल्ल्यांत दुबई, शारजा, कुवेत किंवा मस्कतला राहून आलेली माणसे घरोघर भेटतात. एक काळ असा होता की तिकडे आपला रुपयाच चालत असे. १९५९ साली भारताच्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि आजच्या अमिरातींच्या प्रदेशात १९६६ पर्यंत त्यांवर व्यवहार होत होता. १९७१ मध्ये संयुक्त अरब अमिराती हे राष्ट्र उभे राहिले, १९७३ मध्ये दिरहम आला. त्यानंतर ओळखीपाळखीवर चालणारे व्यवहार कागदावर आले आणि आता तर ते कागदावरून मोबाईलवर गेले आहेत.

आपल्याकडे मात्र अजूनही एकच प्रश्न विचारला जातो. "व्हिसा आला का?" व्हिसा आला की पेढे वाटले जातात, दागिना गहाण ठेवून विमानाचे तिकीट काढले जाते आणि कागदपत्रांची काळजी संपली असे समजले जाते. खरे पाहता ती तिथून सुरू होते. अमिराती सरकारने २०१८ मध्ये आणि पुन्हा १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात मुदत उलटून गेलेल्या परदेशी रहिवाशांना माफी जाहीर केली होती. दंड न भरता कागद दुरुस्त करा किंवा मायदेशी जा, अशी ती सवलत होती. ती चोर-दरोडेखोरांसाठी नव्हती. ज्यांचा एखादा कागद संपला आणि त्यापाठोपाठ बाकीचे सर्व कागद निकामी झाले, अशा माणसांसाठी ती होती.

परदेशातील रहिवाशाचा प्रत्येक कागद दुसऱ्या एका कागदाच्या आधारावर उभा असतो. म्हणून कागद स्वतःच्या नावाचा, स्वतःच्या खऱ्या कामाचा, स्वतःच्या ताब्यात आणि मुदतीत असला पाहिजे. या चारपैकी एक गोष्ट सुटली तर वर्षांची मेहनत पाण्यात जाते. सौदी, कुवेत, कतार, ओमान येथील नियम वेगळे असल्याने या लेखात फक्त अमिरातींचा विचार केला आहे.

निघण्यापूर्वी गावीच करावयाची कामे

पहिला कागद पासपोर्ट. त्यावरील नाव नीट तपासा. केवळ एका शब्दाचे नाव असलेल्या आणि आडनावाचा रकाना मोकळा असलेल्या पासपोर्टधारकांना भेटीच्या व्हिसावर प्रवेश द्यायचा नाही, असा नियम अमिरातींनी नोव्हेंबर २०२२ मध्ये लागू केला. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे, असा प्रकार सर्रास आढळतो. शेख, खान, मुल्ला हे कुठे नावाआधी तर कुठे नावानंतर येते. गावात याने काही बिघडत नाही. परदेशात मात्र दोन कागदांवरची दोन नावे म्हणजे दोन माणसे. बायको-मुलांचे दाखले जोडण्याची वेळ येते तेव्हा हा गोंधळ फार महाग पडतो. तो इथेच, वेळ हाताशी असताना दुरुस्त करून घ्यावा.

दुसरी गोष्ट इमिग्रेशनच्या शिक्क्याची. आपला १९८३ चा उत्प्रवास कायदा दहावी पास नसलेल्या कामगारांना विशेष संरक्षण देतो. त्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' अशी नोंद असते आणि अमिरातींसह अठरा देशांत नोकरीस जाण्यापूर्वी त्यांना उत्प्रवासी संरक्षकांची मंजुरी घ्यावी लागते. हे कार्यालय मुंबईतही आहे आणि अर्ज 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावरून होतो. पुष्कळांना ही कटकट वाटते. मग एजंट सांगतो, "भेटीच्या व्हिसावर पाठवतो, तिथे गेल्यावर बदलून देऊ." या पळवाटेने गेलेला माणूस भारत सरकारच्या नोंदीत कामगार म्हणून येतच नाही. त्याला तिथे काम करण्याचा अधिकार नसतो आणि पुढे अडचण आली तर हाती दाखवायला करारही नसतो.

मंजुरी घेणाऱ्यांना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये व त्यावरील कर एवढाच हप्ता आहे आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपयांचे संरक्षण मिळते. एवढा स्वस्त विमा बाजारात दुसरा मिळणे कठीण. पॉलिसीची एक प्रत घरच्यांकडे ठेवून जावी. ज्यांच्यासाठी विमा काढला त्यांनाच तो ठाऊक नसेल तर त्याचा काय उपयोग?

एजंटाबाबत दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. तो परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असला पाहिजे आणि त्याचे नाव ई-मायग्रेटवर पाहता येते. कायद्याने तो कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावर जीएसटी घेऊ शकतो, आणि तेही पावती देऊन. तिकडच्या कायद्यानुसार तर भरतीचा खर्च मालकाने सोसायचा आहे. तो कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. लाख-दीड लाख रुपये मागणारा एजंट 'व्हिसाचे पैसे' घेत असतो हे ध्यानात घ्या. व्हिसा ही विकत घेण्याची वस्तू नाही.

तिसरी गोष्ट दाखल्यांच्या शिक्कामोर्तबाची. शिक्षणाचा, लग्नाचा, जन्माचा दाखला अमिरातीत चालावा म्हणून आधी राज्य शासन, मग दिल्लीचे परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातींचा दूतावास किंवा वाणिज्य दूतावास आणि शेवटी तिथे पोहोचल्यावर त्यांचे परराष्ट्र मंत्रालय, असे टप्पे पार करावे लागतात. एक पायरी गाळली तर पुढची चढता येत नाही. निकाहनामा घरात जपून ठेवलेला असतोच, पण या कामासाठी सरकारी विवाह नोंदणीचा दाखला तयार ठेवावा. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली ही नोंदणी होते. बायकोला नंतर न्यायचे असेल तरी दाखला आधीच काढून ठेवावा.

एक परवानगी नव्हे, दोन

आपल्या बांधवांचा सर्वांत मोठा गैरसमज असा की व्हिसा म्हणजे एकच परवानगी. प्रत्यक्षात दोन वेगळी खाती दोन वेगळ्या परवानग्या देतात. काम करण्याची परवानगी, म्हणजे वर्क परमिट, मनुष्यबळ मंत्रालय देते. राहण्याची परवानगी, जिला जुने लोक अजून 'इकामा' म्हणतात, ती रहिवास खाते देते. दुबईत कामगार खात्याच्या कामांसाठी 'तसहील' आणि रहिवासाच्या कामांसाठी 'आमेर' या नावाची केंद्रे आहेत. कोणते काम कोणत्या खिडकीवर होते हे एकदा समजले की निम्मी धावपळ वाचते.

सुट्ट्यांचा हिशेबही बदलला आहे. गुरुवार-शुक्रवारची सुट्टी मनात धरून बसलेल्या जुन्या मंडळींनी लक्षात घ्यावे की जानेवारी २०२२ पासून केंद्र सरकारची कार्यालये शुक्रवारी अर्धा दिवस चालतात आणि शनिवार-रविवार बंद असतात. शारजात शुक्रवार ते रविवार अशी तीन दिवस सुट्टी असते. मुदत शुक्रवारी संपत असेल तर काम बुधवारीच उरकलेले बरे.

नोकरीच्या प्रवेश परवान्यावर उतरल्यानंतर साठ दिवसांत पुढचे सर्व सोपस्कार पूर्ण करावे लागतात. आधी वैद्यकीय तपासणी, तीत रक्ताची चाचणी व छातीचा एक्स-रे. मग बोटांचे ठसे, ओळखपत्र आणि रहिवासाचा शेरा. क्षयासारखा आजार लपवून गेल्यास एक्स-रेत तो दिसल्याशिवाय राहत नाही. म्हणून तपासणी आणि उपचार गावीच करून घ्यावेत. कर्ज काढून गेलेल्या माणसाला पंधरा दिवसांत परत यावे लागणे यासारखे दुःख नाही.

२०२२ पासून पासपोर्टवर रहिवासाचे स्टिकर चिकटवणे बंद झाले. आता 'एमिरेट्स आयडी' हे कार्डच रहिवासाचा पुरावा आहे. त्यावरील पंधरा आकडी क्रमांक ७८४ या अमिरातींच्या आंतरराष्ट्रीय संकेतांकाने सुरू होतो आणि पुढचे चार आकडे जन्मवर्षाचे असतात. पासपोर्टमधील जन्मवर्षाशी ते जुळतात का हे कार्ड हाती येताच पाहावे. बँक खाते, मोबाईलचे सिम, दवाखाना, भाड्याची खोली, सर्व याच क्रमांकावर चालते. कार्डाची मुदत संपली की ही सर्व दारे एक एक करून बंद होऊ लागतात. साखळी म्हणतो ती हीच.

'आझाद व्हिसा' नावाचा सापळा

गवंडी, सुतार, दर्जी, वेल्डर, एसी मेकॅनिक, रंगारी अशा कारागिरांना हमखास दाखवले जाणारे आमिष म्हणजे 'आझाद व्हिसा'. कोणाच्या तरी कंपनीच्या नावावर व्हिसा काढायचा, त्याला दरवर्षी ठरलेली रक्कम द्यायची आणि काम मात्र मिळेल तिथे करायचे. ऐकायला हे गोड वाटते. कायद्यात या नावाचा कोणताही व्हिसा नाही.

यात काय गमावले जाते ते पाहा. ज्याच्याकडे तुम्ही घाम गाळता त्याच्याशी तुमचा करार नसतो. त्याने तीन महिन्यांचा पगार बुडवला तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? परातीवरून पडून हात मोडला तर भरपाई कोण देणार? आणि ज्याच्या नावावर तुमचा व्हिसा आहे, तो सलग सात दिवसांपेक्षा जास्त गैरहजर असल्याची तक्रार तुमच्याविरुद्ध करू शकतो. वार्षिक रक्कम वाढवून मागण्यासाठी या धमकीचा उपयोग होतो. पैसे घेणारा तोच आणि फरार ठरवणाराही तोच!

सरकारनेही याबाबतीत कडक पवित्रा घेतला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कामगार कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्याशिवाय कामगार ठेवणाऱ्या, तसेच कामगार आणून त्याला काम न देणाऱ्या मालकाला एक लाख ते दहा लाख दिरहमपर्यंत दंडाची तरतूद झाली. एवढा दंड डोक्यावर असताना कोणता सरळ मालक बाहेरच्या माणसाला काम देईल? उरतात ते कमी पगार देणारे आणि पळून जाणारे.

ज्याला खरोखर दोन ठिकाणी काम करायचे आहे त्याच्यासाठी सरळ मार्ग आहे. अर्धवेळ कामाचा परवाना, तात्पुरत्या कामाचा परवाना, स्वतंत्र व्यावसायिकाचा परवाना असे प्रकार मनुष्यबळ मंत्रालयाने ठेवले आहेत. सध्याची नोकरी पटत नसेल तर करारात लिहिलेली तीस ते नव्वद दिवसांची नोटीस देऊन ती सोडता येते आणि दुसऱ्या मालकाकडे नवा परवाना घेता येतो.

करार वाचल्याशिवाय सही नको

सध्याचा कामगार कायदा २०२१ च्या ३३ व्या हुकूमनाम्याने आला आणि २ फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आहे. सर्व करार ठरावीक मुदतीचे असतात. त्याआधी येते नोकरीचे प्रस्तावपत्र. ते अरबी व इंग्रजीबरोबर कामगाराला समजणाऱ्या तिसऱ्या भाषेत देण्याची सोय २०१६ पासून आहे. या भाषांत मराठी नाही, पण हिंदी आणि उर्दू आहेत. हक्काने मागून घ्या. घरात उर्दू वाचणारे कोणी असेल तर सही करण्यापूर्वी त्याच्याकडून शब्दन् शब्द वाचून घ्या, कारण पुढचा करार या प्रस्तावाशी जुळणारा असावा लागतो. वाद झाला तर अरबी मजकूर प्रमाण मानला जातो, हेही विसरू नका.

पगाराच्या रकान्यात एकूण आकडा पाहून खूश होऊ नका. मूळ पगार किती आणि भत्ते किती हे पाहा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी केवळ मूळ पगारावर मोजतात. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा आणि त्यापुढील दर वर्षामागे ३० दिवसांचा मूळ पगार असा हिशेब आहे. समजा दोन कारागिरांचा एकूण पगार १,८०० दिरहम आहे. एकाचा मूळ पगार १,२०० तर दुसऱ्याचा ६०० आणि बाकीचे भत्ते. आठ वर्षे काम केल्यावर दोघांचे दिवस सारखेच, १०५ अधिक ९० म्हणजे १९५. पहिल्याला दिवसाचे ४० दिरहम धरून ७,८०० मिळतील. दुसऱ्याला २० दिरहम धरून ३,९०० मिळतील. आठ वर्षांपूर्वी एका रकान्याकडे केलेले दुर्लक्ष निम्म्या रकमेला पडले.

पगार हातावर न घेता बँक खात्यात किंवा पगार कार्डावर घ्यावा. २००९ पासून 'वेतन संरक्षण प्रणाली' असून पगार वेळेवर गेला की नाही हे मंत्रालयाला त्यातून कळते. रोख घेतलेल्या पगाराला साक्षीदार नसतो. नोकरी जाण्याविरुद्धचा विमाही जानेवारी २०२३ पासून सक्तीचा आहे. मूळ पगार १६,००० दिरहमपर्यंत असलेल्याला महिन्याला पाच दिरहम व त्यावरील कर एवढाच हप्ता पडतो. सलग बारा महिने हप्ते भरलेल्याची नोकरी त्याच्या दोषाशिवाय गेली तर मूळ पगाराच्या ६० टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते. विमा न काढल्यास ४०० दिरहम दंड आहे. हा विमा कामगाराने स्वतः काढायचा असतो. मालक काढील म्हणून वाट पाहू नये.

पासपोर्टबद्दल वेगळे सांगायला हवे. "ऑफिसच्या तिजोरीत सुरक्षित राहील" असे म्हणून तो मागितला जातो. कामगाराचे अधिकृत कागद मालकाने अडकवून ठेवू नयेत असे कायदा स्पष्ट सांगतो. व्हिसाच्या कामासाठी द्यावा लागला तर काम झाल्यावर परत घ्या आणि त्याची छायाचित्रे घरच्यांच्या मोबाईलवरही ठेवा. घरगुती ड्रायव्हर, स्वयंपाकी यांना २०२२ चा घरकामगारांचा वेगळा कायदा लागू आहे. फ्री झोनमधील कंपन्यांचा कारभारही बराचसा त्या त्या झोनच्या प्राधिकरणाकडून चालतो. आपण कोणाच्या कक्षेत येतो हे आधी समजून घ्यावे.

खोली, भाडे आणि कुटुंब

दुबईत भाडेकराराची नोंद 'इजारी' या पद्धतीत करावी लागते. अरबीत या शब्दाचा अर्थ 'माझे भाडे' असाच होतो. इजारीशिवाय वीज-पाण्याची जोडणी मिळत नाही. शारजात भाडेकरार नगरपालिकेकडून साक्षांकित होतो. खोलीत पाच-सहा जण मिळून राहतात तेव्हा करार एकाच्या नावावर असतो आणि बाकीचे तोंडी बोलीवर पैसे देतात. तो एक जण गावी निघून गेला की उरलेल्यांच्या हाती काहीच राहत नाही. दुबईच्या भूमी खात्याने २०२२ मध्ये सोबत राहणाऱ्यांची नोंदही मागितली आहे. आपले नाव त्यात आहे का, हे विचारून घ्यावे आणि दरमहा दिलेल्या पैशांची पावती किंवा निदान मोबाईलवरची पोच ठेवावी.

भाडे पुढील तारखांच्या चेकने देण्याची तिकडे पद्धत आहे. २ जानेवारी २०२२ पासून खात्यात पुरेसे पैसे नसल्यामुळे चेक परत जाणे हा सहसा फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. मात्र बँक असतील तेवढे पैसे काढून देते आणि बाकीच्या रकमेसाठी चेकधारक थेट अंमलबजावणी न्यायालयात जाऊ शकतो. चेक दिल्यावर फसवणुकीच्या हेतूने खाते बंद करणे हा आजही गुन्हाच आहे. सही केलेला कोरा चेक तर सख्ख्या भावालाही देऊ नये.

कुटुंबाला नेण्यासाठी किमान ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहण्याची सोय, एवढा पगार लागतो. २०१९ पासून व्यवसाय कोणता याला महत्त्व राहिले नाही. त्यामुळे चांगल्या कारागिरालाही हा मार्ग खुला झाला आहे. पण बायको-मुलांचा रहिवास तुमच्या रहिवासावर टांगलेला असतो. तुमचा रद्द झाला की त्यांचाही प्रश्न उभा राहतो. मुलांच्या शाळेचे वर्ष पाहूनच नोकरी बदलण्याची तारीख ठरवावी.

दुकानदार व छोट्या उद्योजकांसाठी

नोकरी करता करता काही बांधव स्वतःचे शिलाईचे दुकान, गॅरेज, मालवाहतूक किंवा किराणा सुरू करतात. पूर्वी शहरातील दुकानासाठी ५१ टक्के भागीदार स्थानिक नागरिक असावा लागे. १ जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत परदेशी माणसाला शंभर टक्के मालकी घेता येते. ज्यांचे दुकान अजून जुन्या पद्धतीने दुसऱ्याच्या नावावर आणि केवळ विश्वासावर चालले आहे, त्यांनी जाणकार वकिलाला विचारून मालकी कागदावर आणावी. भला माणूस गेला आणि त्याच्या वारसांनी दुकानावर हक्क सांगितला तर आपण काय दाखवणार?

ट्रेड लायसन्सवर जो व्यवसाय लिहिला आहे तोच करता येतो. शिलाईच्या लायसन्सवर कपडा विकता येईलच असे नाही. लायसन्सची मुदत संपली की कामगारांचे परवाने अडतात, त्यांचे रहिवास अडतात आणि शेवटी मालकाचा स्वतःचाही अडतो. दुकानदाराच्या बाबतीत साखळीची पहिली कडी लायसन्स, हे पक्के ध्यानात ठेवा.

"तिकडे कर नाही" हे वाक्यही आता जुने झाले. पगारावर प्राप्तिकर नाही हे खरे. पण १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे आणि वर्षाची उलाढाल ३,७५,००० दिरहमच्या वर गेली की नोंदणी सक्तीची आहे. १ जून २०२३ नंतर सुरू होणाऱ्या हिशेबी वर्षांपासून कंपन्यांच्या ३,७५,००० दिरहमवरील नफ्यावर ९ टक्के कर लागू झाला आहे. नफा नसला तरी कंपनीला नोंदणी करावी लागते आणि उशीर केल्यास दहा हजार दिरहम दंडाची तरतूद आहे. म्हणून हिशेबाची वही वेळच्या वेळी लिहावी.

परतताना घाई नको

येताना जेवढे कागद, तेवढेच जाताना. नोकरी संपली की मालकाने चौदा दिवसांत सर्व देणी चुकती करावीत असा नियम आहे. वर्क परमिट रद्द करताना 'सर्व पैसे मिळाले' अशा कागदावर सही मागतात. पैसे खात्यात आल्याची खात्री केल्याशिवाय ती सही करू नये. सही झाल्यावर रडण्यात अर्थ नसतो.

पैसे बुडाले तर मनुष्यबळ मंत्रालयाकडे तक्रार नोंदवता येते. १ जानेवारी २०२४ पासून पन्नास हजार दिरहमपर्यंतच्या वादाचा निकाल मंत्रालय स्वतः देऊ शकते. प्रत्येक वेळी कोर्टात जावे लागत नाही. नोकरी संपल्यापासून दोन वर्षांत दावा करावा लागतो. पण जो उठतो तोच मिळवतो. "जाऊ द्या, नशीब" म्हणून विमानात बसणाऱ्याचे पैसे मालकाच्या खिशात राहतात.

रहिवास रद्द झाल्यावर देश सोडण्यासाठी किती दिवस मिळाले हे रद्दीच्या कागदावर पाहावे. सर्वांना सारखे दिवस मिळत नाहीत. ते उलटले की रोज ५० दिरहम दंड चढतो, म्हणजे महिन्याला १,५००. अनेक कारागिरांचा सगळा पगारच तेवढा असतो. सुट्टीवर गावी आलेल्यांनीही सावध असावे. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिल्यास साधारण रहिवास परवाना बाद होतो. घरच्या आजारपणात किंवा बांधकामात सहा महिने कसे निघून जातात ते कळतही नाही. निघण्यापूर्वी बँकेचे कर्ज, क्रेडिट कार्ड, सिम, वीज-पाणी आणि भाडेकरार हे सर्व बंद करून पोच घ्यावी.

अडचण आल्यास लाजू नये. अबू धाबीत आपला दूतावास आणि दुबईत वाणिज्य दूतावास आहे. दुबईत प्रवासी भारतीय सहायता केंद्र मदत करते. संकटातील भारतीयांसाठी २००९ पासून कल्याण निधी आहे आणि २०१५ पासून 'मदद' या सरकारी संकेतस्थळावर गावी बसलेले नातेवाईकही तक्रार नोंदवू शकतात. गावच्या बँकेतील साधे खातेही विसरू नका. नोकरीसाठी परदेशी गेलेल्याने ते 'एनआरओ' करून घ्यावे लागते आणि तिकडची कमाई 'एनआरई' खात्यात पाठवणे सोयीचे पडते.

हे सर्व वाचून कोणी घाबरून जाऊ नये. यातील एकही काम असे नाही की जे दहावी नापास कारागिराला जमणार नाही. जो माणूस कपड्याचे माप एका सुताने चुकू देत नाही, जो भिंतीचा ओळंबा नजरेने पारखतो, त्याला चार तारखा सांभाळणे कठीण नाही. एक छोटी वही घ्या. तिच्या पहिल्या पानावर पासपोर्ट, एमिरेट्स आयडी, वर्क परमिट, आरोग्य विमा, नोकरीचा विमा आणि भाडेकरार यांच्या संपण्याच्या तारखा लिहा. दुकान असेल तर लायसन्सची तारीख सर्वांत वर लिहा. प्रत्येक तारखेच्या दोन महिने आधीच्या दिवसावर खूण करा आणि त्या दिवशी मालकाला किंवा टायपिंग सेंटरला आठवण द्या. त्या पानाची एक प्रत घरी आई-वडिलांकडे किंवा पत्नीकडेही असू द्या.